पेशीची भिंत आणि डोळ्यावरचं पडळ

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय: त्यांचा मुलगा मराठी शाळेत ‘पेशी, पेशीभित्तिका, पेशीपटल’ पाठ करतो, शेजारची मुलगी कन्नड शाळेत ‘जीवकोश, कोशभित्ती, कोशपोरे’ म्हणते. मग बरोबर काय, पेशी की कोश?

दोन्ही बरोबर. पेशी हा मूळचा मांसाचा शब्द. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी मोजल्यात, त्या स्नायूंच्या. कोश म्हणजे म्यान, कोठार. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात ज्या ‘खोल्या’ पाहिल्या त्यांना कोश जास्त शोभतो, पण मराठीत पेशी रुळली. विषय संपला.

मला बोलायचंय ते भिंतीबद्दल. ‘विषाणू माणसाच्या पेशीची भिंत फोडतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. माणसाच्या पेशीला भिंत नसते हो! असतं ते पटल, म्हणजे पातळ पडदा. भिंत वनस्पतींना, बुरशीला, बहुतेक जिवाणूंना. पेनिसिलिन जिवाणूंना भिंत बांधू देत नाही आणि आपल्या पेशींना त्याची झळ लागत नाही, कारण अडवायला भिंतच नाही. शब्द चुकला की हे सगळं कळेनासं होतं.

आता भित्ती. धातू भिद्, म्हणजे चिरणं, फोडणं. संस्कृत शिकवणारे बरेच जण सांगतात की भिंत जागेचे दोन भाग करते म्हणून ती भित्ती. मला हे मुळीच पटत नाही. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी शब्दकोशात भित्तीचा एक अर्थ चिरलेल्या बोरूंची चटई असा दिलाय, तो हे लोक वाचतच नाहीत. चिरते ती भिंत नव्हे, चिरला जातो तो बोरू! जांबोटी-कणकुंबीकडे ज्याने कुडाचं घर बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही: आधी कारवीच्या काठ्यांचं विणकाम, मग त्यावर शेणमातीचा लिंपा. माझ्या मते आपली पहिली भिंत हीच, दगडाची नंतरची.

आणि वनस्पतीची पेशीभित्तिका हुबेहूब कूड आहे. सेल्युलोजचे धागे आडवेतिडवे, मधल्या फटींत पेक्टिनचा लिंपा. पाणी, मीठ, साखर त्यातून आरपार जातात. म्हणून ‘भित्तिका म्हटलं की बंदिस्तपणा वाटतो, आवरण म्हणा’ ही सूचना मला मान्य नाही. आवरण म्हटलं की भित्तिका आणि पटल एकाच पोत्यात जातात, आणि पोरं परीक्षेत तेच लिहून येतात.

भिंतीचं काम पहारा देण्याचं नाही, रेटा सोसण्याचं. सुकलेली मेथीची जुडी पाण्यात ठेवली की ताठ होते, कारण पेशीतली रिक्तिका, म्हणजे पाणी साठवणारी पिशवी, पाण्याने फुगते, पटल भिंतीला जाऊन टेकतं आणि भिंत त्याला धरून ठेवते. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात टाका, फुटते. तिला धरायला कूड नाही.

पहारा पटलाचा. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातून परतवायचं ते पटल ठरवतं, आणि तेही इतकं पातळ असून की लाखभर पटलं एकावर एक ठेवली तरी मिलिमीटर भरत नाही. लोणच्याच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तेव्हा पटल आक्रसून भिंतीपासून सुटतं, भिंत मात्र जागच्या जागी. दोन शब्द का हवेत ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतं.

संस्कृतात पटल म्हणजे छप्पर, झाकण, आणि डोळ्यावर येणारी साय. आपल्या आजीचं ‘डोळ्यावर पडळ आलं’ ते हेच. आणि कन्नडमध्ये मोतीबिंदूला काय म्हणतात? ‘कण्णिन पोरे’! सापाच्या कातीलाही पोरेच. एक शब्द संस्कृतातून आलेला, दुसरा अस्सल कन्नड, दोघांचं नातं काही नाही; तरी डोळ्यावरची साय दोघांनीही नेऊन पेशीवर बसवली. ताई, शेजारच्या मुलीला हे नक्की सांगा.