पडदा काळा, बॅकलाइट चालू : डिस्प्ले ड्रायव्हरच्या कामात करिअर होतं का?

प्रश्न : मी सांगलीला ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. मिनी प्रोजेक्टसाठी आयएलआय ९३४१ चिपचा छोटा डिस्प्ले एसटीएम३२एफ४ या मायक्रोकंट्रोलरवर चालवला, छान चालला. तोच रास्पबेरी पायला जोडून माझा सी प्रोग्रॅम चालवला तर लाल रंग निळा दिसू लागला. सेटिंगमध्ये लाल-निळ्याची अदलाबदल केली, तरी चित्र बिघडलेलंच. सध्या पुण्यातल्या एका लहान कंपनीत इंटर्नशिप करतेय. तिथे ५ इंची डीएसआय पॅनलचा (डीएसआय म्हणजे पडद्याला वेगाने डेटा पोचवणारी जोडणी) लिनक्स ड्रायव्हर माझ्याकडे आहे. पॅनलवाल्यांनी दिलेला इनिट सिक्वेन्स, म्हणजे पॅनल सुरू करणाऱ्या कमांडची यादी, जसाच्या तसा टाकला. एका बोर्डवर पडदा लागला, दुसऱ्यावर नुसताच बॅकलाइट. सरांनी तो सिक्वेन्स एनेबलमधून उचलून प्रिपेअरमध्ये टाकला, एक फ्लॅग लावला आणि म्हणाले, 'हा होस्ट असाच आहे.' प्रत्येक बोर्ड 'असाच' असेल तर यात शिकण्यासारखं काय राहतं? बाबा म्हणतात, जावा कर आणि कॅम्पसमध्ये लाग. मला हे काम आवडतंय, पण धाकधूकही वाटते. काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून आनंद झाला. तिसऱ्या वर्षात एकच पॅनल दोन बोर्डांवर लावून बघायला मिळणं ही चांगली संधी आहे, आणि तुझा खरा प्रश्न त्यातूनच आला आहे. करिअरचं नंतर बोलू. आधी 'हा होस्ट असाच आहे' या वाक्याकडे बघू (होस्ट म्हणजे पॅनलला डेटा पाठवणारी बोर्डची बाजू), कारण शिकण्यासारखं जे आहे ते त्या वाक्याच्या पोटात आहे.

पहिलं तुझ्या लाल-निळ्याचं. तुझा डिस्प्ले एका पिक्सेलला १६ बिट घेतो : ५ लाल, ६ हिरवे, ५ निळे. भडक लाल म्हणजे हेक्समध्ये एफ८००. एसपीआय म्हणजे डिस्प्लेला एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी. एसटीएम३२एफ४ च्या एसपीआयला एका वेळी ८ किंवा १६ बिटचा गट, म्हणजे शब्द, पाठवता येतो. तू बहुधा १६ चा वापरलास, म्हणून वरचा बाइट आधी गेला आणि पॅनलला हवं तेच मिळालं. रास्पबेरी पायवर लिनक्सचा नेहमीचा एसपीआय ड्रायव्हर ८ बिटचेच शब्द पाठवतो. मेमरीत खालचा बाइट आधी असतो, तोच आधी बाहेर पडला. एफ८०० चं झालं ००एफ८. ते पॅनलच्या नजरेने वाच : लाल शून्य, हिरवा ६३ पैकी ७, निळा ३१ पैकी २४. निळा दिसणारच! तुला वाटलं लाल-निळ्याची अदलाबदल झाली, पण बाइट उलटे झाले होते. दोन्हींतला फरक ओळखायला पडदा पूर्ण हिरवा करून बघायचा. नुसती लाल-निळ्याची अदलाबदल असेल तर हिरवा हिरवाच राहतो. बाइट उलटले असतील तर हिरव्याच्या ०७ई० चं ई००७ होतं आणि पडदा लालसर दिसतो. हे उद्या करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

यात पॅनलचं काही चुकलं नव्हतं, पायचंही नाही. तुझ्या प्रोग्रॅमने होस्टला विचारलंच नाही की तुला किती बिटचा शब्द जमतो. लिनक्स कर्नेलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एमआयपीआय डीबीआय या डिस्प्ले जोडणीच्या मानकाचा सामायिक कोड नेमकं तेच विचारतो. १६ बिट जमत असतील तर पिक्सेल तसेच देतो, नसतील तर पाठवण्याआधी बाइट उलटतो. पॅनलचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्याची खबरही लागत नाही.

त्याच कोडमधला आणखी एक तुकडा तू जरूर वाच. काही पॅनलना कमांड की डेटा हे सांगणारी वेगळी तार नसते. मग प्रत्येक बाइटच्या पुढे एक जादा बिट जातो आणि शब्द ९ बिटचा होतो. होस्टला ८ च्या वर काही जमत नसेल तर? ९ बिटचे ८ शब्द म्हणजे ७२ बिट, आणि ८ बिटचे ९ बाइटही ७२ च. म्हणून आठ-आठ शब्दांचा गठ्ठा करून तो नऊ बाइटांत बसवतात. पण कमांड तर एकटीच असते, उरलेल्या सात जागांचं काय करायचं? तिथे शून्य भरतात. या पॅनलच्या भाषेत शून्य ही 'काही करू नकोस' अशी कमांड आहे आणि जादा बिट शून्य म्हणजे कमांड. त्यामुळे आठ बाइट शून्य आणि नववा बाइट खरी कमांड, एवढ्यावर काम भागतं. होस्टची मर्यादा आणि पॅनलचा नियम दोन्ही पाळून काढलेली ही वाट मला फार आवडते. हे वाचून तुलाही आनंद झाला तर या कामात तू रमशील, असं मी आताच लिहून देते.

आता डीएसआयचं. पॅनलच्या ड्रायव्हरमध्ये प्रिपेअर आणि एनेबल असे दोन टप्पे असतात. प्रिपेअर व्हिडिओ सुरू होण्याआधी, एनेबल व्हिडिओ सुरू झाल्यावर. तुझा सिक्वेन्स एनेबलमध्ये होता, म्हणजे पिक्सेलचा प्रवाह वेगवान मोडमध्ये वाहू लागल्यावर कमांड जात होत्या. काही होस्ट दोन ओळींमधल्या किंवा दोन फ्रेममधल्या मोकळ्या वेळेत अशी कमांड घुसवू शकतात. काहींना व्हिडिओ चालू असताना लो पॉवर मोडमध्ये उतरून कमांड पाठवता येत नाही. तुझा पहिला बोर्ड पहिल्या जातीचा, दुसरा दुसऱ्या. सिक्वेन्स प्रिपेअरमध्ये नेला की दोघांचंही भागतं.

पण तेवढ्याने पुरत नाही, म्हणून तो फ्लॅग. नेहमीच्या क्रमात साखळीच्या टोकापासून सुरुवात होते : आधी पॅनलचं प्रिपेअर, मग होस्टची पूर्वतयारी. पुष्कळ पॅनलना रीसेट सोडण्याआधी डीएसआयच्या तारा एलपी-११ या शांत अवस्थेत हव्या असतात, आणि होस्ट तर अजून झोपलेला. 'आधी होस्टला उठव, मग मला तयार कर' असं पॅनलला सांगता यावं म्हणून तो फ्लॅग आला. सरांना विचार की लावलेला फ्लॅग तोच का. बहुधा तोच असणार.

यावरून एक सवय लाव. पॅनलच्या ड्रायव्हरने आपल्या गरजा सांगायच्या : किती लेन (डेटाच्या तारांच्या जोड्या), कोणता पिक्सेल फॉरमॅट, व्हिडिओ मोड की कमांड मोड, क्लॉक सतत हवं की नको. जमतं की नाही हे होस्टच्या ड्रायव्हरने सांगायचं, आणि जमत नसेल तर जोडणीच्या वेळीच नकार द्यायचा. पॅनलच्या ड्रायव्हरमध्ये 'अमुक चिप असेल तर असं कर' अशी ओळ लिहावीशी वाटली की हात आवर. ती ओळ जवळपास नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी फाइलमधली असते. बीगलबोन ब्लॅक या छोट्या लिनक्स बोर्डचं उदाहरण घे. त्यावरच्या एएम३३५एक्स चिपच्या एलसीडी कंट्रोलरमध्ये १६ बिट मोडमध्ये लाल-निळ्याच्या पिना सरळ असतात, २४ बिट मोडमध्ये त्यांची अदलाबदल होते. चिपच्या दोषांच्या यादीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ते नोंदवलं आहे. बोर्ड बनवणाऱ्याने तारा सरळ ओढल्या की उलट्या, हे डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, लिहितात आणि कंट्रोलरचा ड्रायव्हर ते वाचतो. पॅनलच्या ड्रायव्हरला त्यातलं काहीही माहीत नसतं, आणि तेच योग्य आहे. मुलाखतीत 'पडदा लागला नाही' यापुढे जाऊन 'दोष कुणाचा आणि दुरुस्ती कुठल्या फाइलमध्ये' हे ज्याला सांगता येतं, त्याच्याकडे समोरचा माणूस सरसावून बघतो.

काही गोष्टी तर कोड लिहिण्याआधी कागदावरच कळतात. १०८०×१९२० चं पॅनल, सेकंदाला ६० फ्रेम, नेहमीच्या टायमिंगने पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झ. पिक्सेलला २४ बिट धरले तर सेकंदाला ३,५६४ मेगाबिट. चार लेनवर वाटले तर लेनमागे ८९१, दोन लेनवर १,७८२. लेनमागे १ गिगाबिटची मर्यादा असलेल्या दोन लेनच्या होस्टला हे पॅनल त्या वेगाने चालवणं शक्यच नाही, ड्रायव्हर कितीही सुंदर लिही. तुझ्या छोट्या डिस्प्लेचंही मांडून बघ : एका फ्रेमला १,५३,६०० बाइट, एसपीआय १० मेगाहर्ट्झने धावला तर सेकंदाला जेमतेम ८ फ्रेम. म्हणूनच पडद्याचा बदललेला चौकोनच पाठवतात. खरेदी विभागाला पॅनल घेण्याआधी हा हिशोब करून देणारा इंजिनीअर कंपनीला हवा असतो.

आता बाबांच्या सल्ल्याबद्दल. त्यांची काळजी रास्त आहे. जावाच्या जागा जास्त आहेत, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बहुतेक त्याच कामासाठी येतात. 'डिस्प्ले ड्रायव्हर इंजिनीअर' अशी फ्रेशरची जाहिरात तुला फारशी दिसणार नाही. सुरुवात एम्बेडेड सॉफ्टवेअर किंवा बीएसपी या नावाने होते. बीएसपी म्हणजे नवीन बोर्ड उठवून त्यावरचं प्रत्येक हार्डवेअर चालतं करण्याचं काम, आणि डिस्प्ले त्यातलाच एक भाग. पुण्यात गाड्यांच्या डॅशबोर्डच्या पडद्यांमुळे हे काम आहे, केपीआयटीसारख्या वाहन सॉफ्टवेअरच्या कंपन्या इथल्याच. चिप बनवणाऱ्यांसाठी बंगळुरू आणि हैदराबादकडे बघावं लागेल. सांगलीत राहून हे काम मिळेल असं मी सांगणार नाही. घरी हा विषय आत्ताच काढ, ऑफर हातात आल्यावर नको.

माझा सल्ला असा : कॅम्पसला बस, पण त्यासाठी हे सोडू नकोस. पहिली ऑफर दुसऱ्याच कामाची आली तर बाँडची अट नीट वाच. दोन-तीन वर्षं अडकवणारा बाँड असेल तर मी नको म्हणेन, कारण तेवढ्या काळात हातची सवय जाते. ऑफर आली नाही किंवा पायाच कच्चा वाटला तर सीडॅकचा एम्बेडेड सिस्टीम्स डिझाइनचा सहा महिन्यांचा पीजी डिप्लोमा चांगला पर्याय आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. एमटेक आत्ता या कामासाठी गरजेचं नाही. ते मनात असेल तर स्वतंत्र कारणासाठी कर.

या वर्षात मात्र एक गोष्ट पूर्ण कर. स्वस्तातला ८ चॅनलचा लॉजिक अ‍ॅनालायझर (तारांवरचे सिग्नल टिपून दाखवणारं यंत्र) घे, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत विचार. पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर टाक. एसपीआयचा वेग १-२ मेगाहर्ट्झवर आण, नाहीतर हा अ‍ॅनालायझर पुरा पडत नाही. मग तुझा डिस्प्ले दोन्ही बोर्डांवर चालवून तारांवरचे बाइट शेजारीशेजारी मांड. स्लीप आउट म्हणजे हेक्स ११ कमांडनंतर किती वेळ थांबलीस तेही मोज. कित्येक डेटाशीट तिथे १२० मिलिसेकंद मागतात, आणि होस्ट संथ असल्यामुळे योगायोगाने चालणारा ड्रायव्हर वेगवान होस्टवर इथेच पडतो. एवढं दोन पानांत लिहून रेझ्युमेला जोड. त्यानंतर जमलं तर कर्नेलच्या पॅनल ड्रायव्हरमधली एखादी छोटी दुरुस्ती पाठव. मान्य झाली तर ती कुणालाही उघडून बघता येते, त्या कामाला सर्टिफिकेट लागत नाही.

सोबत सी पक्कं हवं. पॉइंटर, बिट ऑपरेशन, व्होलाटाइल, इंटरप्ट आणि डीएमए यांवर प्रश्न येतातच.

इंटर्नशिप संपायच्या आत सरांकडे दुसऱ्या बोर्डच्या चिपचं रेफरन्स मॅन्युअल माग आणि त्यातला डीएसआय होस्टचा भाग ऑफिसातच बसून वाच. पुष्कळ चिपची मॅन्युअल गोपनीयतेच्या कराराखाली असतात, त्यामुळे प्रत घरी आणू नकोस आणि फोटोही काढू नकोस. व्हिडिओ चालू असताना कमांड कधी पाठवता येते, हे त्यात कुठे लिहिलंय ते स्वतः शोध आणि ते पान सरांना दाखव. घरी वाचायला एसटीएम३२ आणि एएम३३५एक्स यांची मॅन्युअल खुली आहेत, ती डाउनलोड करून घे.