शिबिराला जाऊ की नको? आणि जाऊन आल्यावर काय?

डिसेंबर आला की कॉलेजात दोन गोष्टींची गडबड उडते, एक गॅदरिंग आणि दुसरं ते नेतृत्व शिबिर. वाङ्मय मंडळ, निसर्ग मंडळ, विज्ञान मंडळ, सगळ्यांची पदाधिकारी पोरं तीन-चार दिवस दापोली नाहीतर गुहागरकडे कुठंतरी एकत्र येतात. मी शिक्षक म्हणून अशा बऱ्याच शिबिरांना गेलेय, काहींत चक्क कंटाळलेय पण. या वेळी आलेल्या प्रश्नांतले हे पाच घेतले.

प्रश्न : मॅडम, मी कुडाळचा, एसवायला. वाङ्मय मंडळाचा सेक्रेटरी म्हणून माझं नाव गेलंय. तिथं मुंबईची मुलं फाडफाड इंग्लिश बोलणार, आणि मी तोंड उघडलं की मालवणीच येते. नाव काढून घेऊ का?

अजिबात नको. मुंबई विद्यापीठ म्हणजे फक्त मुंबई नाही रे, ठाणे-पालघरपासून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत सगळं त्यात येतं, म्हणजे चर्चगेटच्या पोराचं ते शिबिर जेवढं, तेवढंच तुझं. पहिल्या दिवशी बोलणारेच लक्षात राहतात हे खरंय. पण दुसऱ्या संध्याकाळी गटाला सांगतात की पाऊण तासात कार्यक्रम उभा करा, तेव्हा सगळ्यांच्या माना वळतात त्या पोराकडे ज्यानं गावच्या जत्रेत दशावताराची सोय बघितलीय, माईकवाल्याच्या मागं लागलाय, शंभर माणसांचा चहा सांगितलाय. एक तयारी कर मात्र. आपल्या मंडळाची एक खरी अडचण दोन मिनिटांत सांगता येईल अशी घेऊन जा. 'भित्तिपत्रकाला लेखच येत नाहीत' इतकी साधी चालेल. मालवणीत सांगितलीस तरी हरकत नाही, गाऱ्हाणं घालायची सवय आपल्याला आहेच.

प्रश्न : मुलगी पहिल्यांदाच तीन रात्री बाहेर राहणार, तेही समुद्राकाठी. घरात सासूबाई नको म्हणतायत. मी काय विचारून घेऊ? (एक आई, चिपळूण)

ताई, सासूबाईंची काळजी चुकीची नाही, पण 'नको' म्हणण्याआधी कॉलेजात फोन करा. सोबत महिला शिक्षिका आहे का, आणि ती रात्री तिथंच मुक्कामाला असणार का, हे आधी. मुलींच्या खोल्या कुठं, जवळचा दवाखाना कुठला, पालकांचं संमतिपत्र घेतलंय का. मग समुद्राचं विचारा, आणि इथं जरा खोदून विचारा. पाण्यात उतरायचं का, कधी, किती जण, काठावर कोण. 'भरती-ओहोटी बघूनच सोडतो' म्हणाले तर आज भरती किती वाजता तेही विचारा, कारण वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते, कालचं वेळापत्रक आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी समुद्राकडे ओढतं ते गाववाल्यांना माहीत असतं, बाहेरून आलेल्या सरांना बहुतेक नसतं. एका शिबिरात आमची पोरं बंदी असताना पहाटे गुपचूप पाण्यात गेली होती, काही झालं नाही, पण मी तो आठवडाभर नीट झोपले नाही.

आणि रॅगिंगचं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम कॉलेजच्या बाहेर आणि प्रवासातल्या गाडीतसुद्धा लागू होतात, 'शिबिरात चालतं थोडं' असं काही नसतं. मुलीला हे सांगून ठेवा.

प्रश्न : बॅगेत काय न्यायचं?

टॉर्च, टोपी, पाण्याची बाटली, दोन जोड जास्तीचे कपडे कारण खाऱ्या हवेत काही वाळत नाही, नेहमीची औषधं. एसटीने जाणार असाल तर मुलींना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

प्रश्न : मी अध्यक्ष, माझी मैत्रीण उपाध्यक्ष. शिबिरात आमचं एवढं भांडण झालं की आता बोलत नाही. मंडळ बंद पडणार. (रत्नागिरी)

नाही पडत गं. ब्रूस टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये गटांचा अभ्यास करून मांडलं की गट आधी जमतो, मग भांडतो, मग त्याच्या रीती बसतात आणि मग कुठं कामाला लागतो. शिबिरवाले हे चार टप्पे फळ्यावर काढतातच. ते पाचवा बऱ्याचदा विसरतात, तो १९७७ मध्ये जोडला गेला : पांगापांग. तुमच्यासारख्या मंडळांना खरा लागू तोच, कारण तुमचं मंडळ दर मार्चला संपतं, टीवायवाले जातात, आणि जूनमध्ये नवी पोरं विचारत फिरतात की बॅनर कुठल्या कपाटात आहे.

तुमचं भांडण कशावरून होतं ते तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज सांगते, कोणी काय करायचं हे कधी ठरलंच नव्हतं. तेव्हा दोघी बसा आणि आधी माफीबिफी न मागता एक कागद करा : पैसे कोण बघणार, परवानगीचं पत्र कोण देणार, स्पीकरवाल्याचा नंबर कुणाकडे. मग एफवायच्या दोघींना बोलवा आणि प्रत्येक काम आत्तापासूनच अर्धं त्यांच्याकडे द्या. शिमग्यात पालखी नाचवताना खांदा बदलतात ना, पालखी खाली टेकत नाही, नवा माणूस आत येतो आणि मगच जुना बाहेर पडतो. आपल्या कॉलेजांत उलटं होतं, जुना आधी निघून जातो. कामाचा कागद एकत्र बसून लिहिताना बोलणं आपोआप सुरू होतं असा अनुभव आहे. नाही झालं तरी मंडळ चालेल, मैत्रीचं मग बघा.

प्रश्न : मॅडम, शिबिरातून वही भरून आयडिया आणल्या, पण मंडळातली मुलं ऐकतच नाहीत. म्हणतात, आला शहाणा होऊन. (दापोली)

ती बरोबर आहेत. तू चार दिवस समुद्रावर होतास, ती इथं जर्नलं पूर्ण करत होती. वहीतलं एकच निवड, तेही असं की पंधरा दिवसांत दिसेल. म्हणजे बीच क्लीनिंगचा मोठा बेत नको, मीटिंग पाऊण तासात संपवून दाखव, आणि शेवटी कोण काय करणार हे वाचून दाखव, बास. ज्यांनी जायला हवं होतं पण नाव लागलं नाही अशा एखाद्याला सोबत घे, पुढच्या वर्षी त्याचंच नाव दे आणि हे त्याला आत्ताच सांग. बाकी वही राहू दे कपाटात. तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस, कोणी उघडत नाही, मी पण नाही उघडत.