प्रदेशात ज्येष्ठांचं प्रमाण वाढलं म्हणजे लोक जास्त जगू लागले, असं म्हणता येतं का?

तुमच्या प्रश्नातले आकडे असे: दोन जनगणनांमध्ये 10 वर्षांचं अंतर, आणि 60 च्या पुढच्यांचं प्रमाण 10 टक्क्यांवरून 12.5 वर. एवढ्यावरून आयुष्य वाढलं असं म्हणता येत नाही. एक लाख वस्तीत 10,000 ज्येष्ठ होते आणि 20,000 तरुण कामासाठी बाहेर गेले, तर एकही ज्येष्ठ न वाढता प्रमाण नेमकं 12.5 टक्के होतं. म्हणून मी आधी संख्या बघतो, टक्का नंतर.

मग एकाच पिढीचा माग काढा. तेव्हाचे 50 ते 59 वयाचे लोक आता 60 ते 69 चे आहेत. समजा ते 40,000 होते आणि लाइफ टेबलप्रमाणे (कोणत्या वयाचे किती जण पुढे जगतात हे दाखवणारा तक्ता) त्यातले 85 टक्के दहा वर्षं तगतात, म्हणजे आज 34,000 हवेत. मोजणीत 31,000 भरले तर साधारण 3,000 बाहेर गेले असावेत. 37,000 भरले तर कुणीतरी आलंय, बहुधा निवृत्तीनंतर परतलेले. स्त्रिया आणि पुरुष यांचं गणित वेगळं मांडा. दोघांचे मृत्युदर वेगळे असतात आणि स्थलांतरही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वयाच्या नोंदीत. जन्मतारीख ठाऊक नसलेला माणूस 60, 65, 70 असं गोल वय सांगतो. 58-59 चे 60 मध्ये जाऊन बसतात आणि ज्येष्ठ आपोआप वाढतात. पाच-पाच वर्षांचे गट पाडून हे सुटत नाही, कारण फुगवटा नेमका गटाच्या पहिल्याच वयावर असतो. एकेका वयाचे आकडे मागवा. 60 चा आकडा 59 आणि 61 च्या कितीतरी पट दिसला तर 48–57 आणि 58–67 असे गट जोडून पाहा. गोल वयं दोन्हीकडे आत पडतात. प्रदेशाची हद्द मधल्या काळात बदलली नाही ना, तेही तपासा.

शिवाय '60 च्या पुढे' हा एकच गठ्ठा नव्हे. मोठी पिढी साठीत शिरते तेव्हा ज्येष्ठांमध्ये 60–69 चा वाटा वाढतो आणि 80 च्या पुढच्यांचा वाटा उलट घटू शकतो. तीच लाट वीस वर्षांनी ऐंशीला पोचते, आणि तेव्हा त्यात स्त्रिया, त्यातही विधवा आणि एकट्या राहणाऱ्या, बऱ्याच जास्त असतात. दवाखाना, घरपोच सेवा, पेन्शन ठरवताना मला एकूण टक्क्यापेक्षा ही फोड महत्त्वाची वाटते. लहान तालुक्यात एखादा मोठा वृद्धाश्रम असला तरी 80+ चा आकडा फुगतो. तिथले रहिवासी घरगुती लोकसंख्येतून वेगळे काढा.

प्रमाण वाढण्यामागे दीर्घकाळात सगळ्यात मोठा हात घटत्या जन्मदराचा असतो. मृत्युदर पहिल्यांदा खाली येतो तेव्हा मुख्यतः बालकं वाचतात, त्यामुळे लोकसंख्या आधी तरुणच होते. 65+ चं प्रमाण 7 वरून 14 टक्के व्हायला फ्रान्सला सुमारे 115 वर्षं लागली, जपानला 1970 ते 1994 एवढीच. जपानमध्ये जन्मदर फार झपाट्याने उतरला होता. तुमच्याकडे 0–14 वयाची मुलं दोन्ही जनगणनांत किती होती ते बघा. ती संख्येनेच घटली असतील, तर 12.5 मधला बराच भाग तिथून आलाय.