क्रेनवर नवीन आलायस, तर हे ऐक

भावा, गाडीला हूक लावायच्या आधी माणसांकडं बघ. करूळ घाटात रात्री दोनला बंद पडलेल्या गाडीत लहान पोरं असतात. त्यांना आधी उतरवून डोंगराच्या अंगाला, गाडीपासून लांब उभं कर. ब्लिंकर चालू, धोक्याचा लाल त्रिकोण चांगला मागं, वळणाच्याही अलीकडं. ऊसाच्या हंगामात तर जास्तच जप, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंगावर येईपर्यंत दिसत नाही.

ऑटोमॅटिक गाडी, इंजिन जी चाकं फिरवतं ती (बहुतेक गाड्यांत पुढची) टेकवून ओढू नकोस, गिअरबॉक्स जातो. फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन चारी चाकं फिरवतं अशी गाडी असेल तर चारी चाकं वर, सरळ फ्लॅटबेडवर. दोरीनं ओढायची वेळ आलीच तर मागच्या ड्रायव्हरला आधी सांग, की इंजिन बंद असलं की ब्रेक कडक होतो, स्टेअरिंग जड होतं. आणि चावी काढायची नाही, स्टेअरिंग लॉक होईल.

२०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर गाड्या काढायला गेलो, तर एका काकांनी माझ्यादेखत स्टार्टर मारला. 'टक्' एवढाच आवाज आला. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, म्हणून आतला कनेक्टिंग रॉड वाकला. मी दहा पावलं आधी पोचलो असतो तर इंजिन वाचलं असतं, ही रुखरुख अजून आहे. म्हणून पुरातल्या गाडीच्या मालकाला फोनवरच सांग, चावीला हात लावू नका.

विंचची (वायर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्राची) वायर ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नकोस, मालकालासुद्धा. वायरवर ओलं पोतं टाक, म्हणजे तुटली तर कमी उसळेल. हातमोजे कायम घाल, तुटक्या तारा तळहातात घुसतात.