"पोट्टी शिक्के मारून राह्यली"

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीकॉम झाली, हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढून गाठी बांधतात तिथं) वर्षभर मालाची तपासणी करते; तुमच्या शब्दांत, "पोट्टी शिक्के मारून राह्यली." तिला आता क्वालिटी मॅनेजमेंटचा ८० हजारांचा खासगी कोर्स करायचा आहे आणि तुम्हाला ती तलाठी भरतीला बसायला हवी आहे. इथवर घरोघरी चालतं तेच. पण मग तुम्ही लिहिता, "दिवाळीपासून मी तिच्याशी बोललो नाही."

माझं लक्ष तिथंच अडकलं. कमावती मुलगी संध्याकाळी घरी येते आणि बाप उठून ओट्यावर जाऊन बसतो. अशानं ती फॉर्म भरेलही, पण तो तुमच्या धाकानं. भाऊ, हा हट्ट तुमचा आहे, तिचा नाही. बाकी भरतीचं म्हणाल तर २०२३ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते. बसायचं तर बसू द्या, नोकरी सोडून नको.

"दर्जावाले खर्चात घालतात, कमावतो तो विकणारा," हे तुमचं वाक्य मात्र सोडवत नाही. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर माल घेतच नाहीत. तुमच्या कापसाचा भाव दहा टक्के ओलाव्याला कापला गेला, हे तुम्हीच लिहिलंय. मग दर्जाचे पैसे कसे होतात ते तुम्हाला मी काय सांगू? आपण खताच्या रिकाम्या चुंगड्यांत कापूस वेचतो, त्याचा एखादा प्लास्टिकचा धागा रुईत जातो. त्याला रंग चढत नाही, तो थेट तयार कापडावर उठून दिसतो. मग सूतगिरणी गाठींचा भाव पाडते किंवा माल परत करते. जाण्यायेण्याचं भाडं, अडकलेलं भांडवल, तुटलेलं गिऱ्हाईक, सगळं जिनिंगमालकाच्या नफ्यातून जातं. तोच धागा ढिगावर वेचायला एका बाईची रोजी पुरते. फायगेनबॉम या अमेरिकन तज्ज्ञानं १९५६ मध्येच हा हिशेब मांडला: चूक टाळायचा खर्च, तपासायचा खर्च आणि चूक झाल्यावरचा खर्च. पहिल्यात हात आखडला की तिसरा फुगतो. नुसतं दर्जाचं आयएसओ सर्टिफिकेट भिंतीवर टांगून नफा वाढत नाही, हेही खरं.

म्हणून तिलाही सांगतो, ८० हजारांचा कोर्स नको. बीकॉमवर सीएमएच्या, म्हणजे खर्चाचा हिशेब शिकवणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेच्या, इंटरमीडिएट टप्प्याला थेट प्रवेश मिळतो, नोकरी सांभाळून अभ्यास होतो. कापूस ओळखणारा आणि खर्चाचा हिशेब मांडणारा माणूस एकच असला, तर जिनिंगवाला त्याला शिक्के मारायला बसवत नाही. जिनिंगचं तंत्र शिकायला नागपूरला सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहेच.

या रविवारी तिला विचारा, गेल्या हंगामात किती गाठी परत आल्या आणि मालकाला केवढ्याला पडल्या. बोलायला विषय होईल.