पिनकोड फोडायला बसलास तर
राजा, मोठ्या आकड्याचे मूळ अवयव पाडायचे म्हटलं की लगेच कॅल्क्युलेटर काढू नको. आपल्या नागपूर जीपीओचा पिनकोडच घे, ४४०००१. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातो, उरतात ४८८८९. भाजक वर्गमूळापर्यंतच शोधायचे असतात; आता ६६३ पर्यंत (४४०००१ चं वर्गमूळ) चाचपायची गरज नाही, ४८८८९ चं वर्गमूळ साधारण २२१, त्याच्या आतल्या ४७ मूळ संख्या पुरतात. २, ३, ५ बघताच बाद. बाकीचे ४४ भागाकार मी वहीत केले (तर्री-पोहे पार थंड झाले), एकानेही निःशेष भाग गेला नाही. ४८८८९ मूळच! शिवाय ४ ने भागल्यास बाकी १, म्हणून फर्मा या गणितज्ञाच्या प्रमेयानुसार ती दोन वर्गांची बेरीज असणारच: २०८² + ७५². ९ म्हणजे ३², म्हणून दोन्ही पाये तिप्पट कर, ४४०००१ = ६२४² + २२५². ताळा मात्र हातानंच करून बघ.