वेल्डर ट्रेडला व्हीआर सिम्युलेटर: घ्या, पण रॉड-प्लेटा कमी करू नका

तुमच्या आयटीआयला व्हीआर वेल्डिंग सिम्युलेटर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खोट्या आर्कवर सराव देणारं यंत्र, येतोय, तर रॉड आणि प्लेटांची मागणी निम्मी केली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी वेल्डर ट्रेडला १७ वर्षं शिल्पनिदेशक आहे, तीन वर्षं हे यंत्र वापरतोय. मागणी कमी करू नका. यंत्र मात्र जरूर घ्या.

खऱ्या वेल्डिंगच्या बूथमध्ये काळ्या काचेआडून पोराला फक्त आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेटमधली विजेची झळाळी, दिसतो. चूक कळते ती स्लॅग, म्हणजे जोडावर साचलेलं कवच, झाडल्यावर. सिम्युलेटर मात्र कोन कुठे ढळला, आर्क कुठे लांबला, हात कुठे पळाला हे तिथल्या तिथे दाखवतो. ३५० मिमीचा रॉड जळून आखूड होत जातो, म्हणजे हात पुढे नेता नेता खालीही आणायचा. नवख्याला हेच जमत नाही. म्हणून घेताना बघा, त्यातला रॉड आत सरकत जातो का. नुसती मिगची (रॉडऐवजी तार आपोआप पुढे येते त्या वेल्डिंगची) गन असलेलं यंत्र गळ्यात मारून घेऊ नका.

आमच्याकडे एक मुलगी ठिणगी उडाली की हात मागे घ्यायची. आठवडाभर हेडसेटवर सराव करून ती बूथमध्ये आली. दचकली, पण हात जागचा हलला नाही. त्याच तुकडीतल्या एकाला सिम्युलेटरवर ९२ गुण होते. बूथमध्ये पहिलाच रॉड प्लेटला चिकटला आणि लाल होईपर्यंत तो नुसता बघत राहिला. मनगटाला झटका देऊन रॉड सोडवायचा, हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. धूर, धग, बुटात शिरणारी ठिणगी, खांद्यावर ओढ देणारी केबल, यातलं काही हेडसेटमध्ये नाही. वितळलेला धातू कुठला आणि वर तरंगणारा स्लॅग कुठला, ही नजर तर खऱ्या आर्कसमोरच तयार होते.

त्यामुळे आम्ही हेडसेटवर २० मिनिटं देतो आणि त्याच दिवशी बूथ. महिनाभर नुसता हेडसेट, मग बूथ, असं करू नका, हाताला खोटी सवय लागते. २० मिनिटांपेक्षा जास्त झालं की काहींना गरगरतं. पाळीची वाट बघणाऱ्यांना बाहेरच्या स्क्रीनसमोर बसवा. दुसऱ्याचा हात कुठे चुकतोय हे बघून पोरं खूप शिकतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत थोड्या प्लेटा वाचतात, ते खरं. त्या आम्ही परत करत नाही. पुढे उभ्या जोडाला वापरतो, तिथे सराव कधीच पुरत नाही.